शुक्रवारचा सरपंच

आमच्या ऑफिसात स्वतःच्या केबिनचं दार कधीच न लावणारा एकच माणूस होता. रियाधच्या ओलायामधल्या एका टॉवरचा अकरावा मजला, प्रत्येक केबिनला दार, आणि प्रत्येक दाराला वरच्या बाजूला ते आपोआप बंद करणारं एक यंत्र. हा माणूस रुजू झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी घेऊन चाललो होतो, तर हे गृहस्थ खुर्चीवर उभे. अडुसष्ट वर्षांचं वय, सूट, टाय, हातात स्क्रू-ड्रायव्हर. ते यंत्र काढून त्यांनी व्यवस्थित पुसलं, टेबलाच्या खणात ठेवलं, खाली उतरले आणि माझ्याशी हात मिळवला. "बोंजूर. तू कोण?"

मेंटेनन्सवाले बोंबलले. एसी वाया जातो म्हणाले. त्यांनी ते यंत्र परत लावलं, ह्यांनी परत काढलं. तिसऱ्या वेळी मेंटेनन्सवाल्यांनी नाद सोडला.

हे फ्रान्सचे. तिथल्या मधल्या डोंगराळ भागातल्या तीनएक हजार वस्तीच्या गावाचे चोवीस वर्षं मेयर होते. म्हणजे चार निवडणुका लागोपाठ जिंकलेले, मध्ये काही वर्षं प्रांताच्या कौन्सिलातही बसून आलेले. पाचव्या निवडणुकीत एकोणीस मतांनी पडले. मग त्यांच्या ओळखीतल्या कुणीतरी त्यांना आमच्या कंपनीत सल्लागार म्हणून आणलं. आम्ही रस्ते, गटारं, दिवे यांचे आराखडे करून देतो. नागरिकांच्या सोयी बघायला एक अनुभवी माणूस हवा, असं ग्राहकानं करारात लिहून ठेवलं होतं. म्हणून हे. मी घरी बायकोला सांगितलं, "फ्रान्सचा मेयर आलाय." ती म्हणाली, "किती वस्तीचा?" मी सांगितलं. "म्हणजे सरपंच की रे," ती म्हणाली, आणि तेव्हापासून आमच्या घरात ते सरपंच झाले. पुढे मी त्यांना ह्या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला तर इतके खूश झाले, की 'मेयर' म्हटलेलं त्यांना आवडेनासं झालं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगतो, कारण ह्या सगळ्या प्रकरणात चूक माझी आहे. मी नाशिकचा, रस्तेवाला इंजिनिअर. वीस वर्षं रस्तेच करतोय, त्यातली अकरा इथे. मला कुणी रस्ता शिकवू नये असं माझं मत होतं, आणि ते मी कुणी न विचारताच सांगत असे. काम पक्कं, कागद पक्का, सही पक्की. माझ्या रिपोर्टात कधी स्वल्पविरामाची चूक सापडायची नाही. ऑफिसात मला थोडे टरकूनच असत आणि ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

तर सरपंच. सकाळी आले की सबंध मजल्याशी हात मिळवायचे. सबंध म्हणजे सबंध. बॉस, रिसेप्शन, काचा पुसणारे, पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेला ट्रकवाला. त्याला चाळीस मिनिटं लागायची. पहिल्या आठवड्यात आम्ही हसलो, दुसऱ्या आठवड्यात वैतागलो, महिन्याभरानं ते एक दिवस तापानं आले नाहीत तर सगळ्या मजल्याला अकरा वाजेपर्यंत चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं. एकदा हात मिळवलेल्या माणसाशी त्याच दिवशी पुन्हा मिळवत नसत. मुद्दाम फसवायला मी एकदा पॅन्ट्रीत दुसऱ्यांदा हात पुढे केला. ते म्हणाले, "तुझं मत मोजून झालंय."

आणि एक प्रश्न. कुठलाही नकाशा समोर ठेवा, कसलाही. गटाराचा, विजेच्या केबलचा, पार्किंगचा. चष्मा कपाळावर सरकवून नकाशावर वाकायचे आणि विचारायचे, "इथे कोण राहतं?"

"सर, हा ड्रेनेजचा आहे."

"हो. इथे कोण राहतं?"

डोकं खाल्लं त्या प्रश्नानं. आम्ही पोरापोरांत त्याची नक्कल करायचो. कॉफीच्या मशिनसमोर वाकून, "इथे कोण राहतं?" त्यांनी ती एकदा पाहिली. मला म्हणाले, चष्मा जरा आणखी वर घ्यायला हवा.

मेयर व्हायच्या आधी ते जनावरांचे डॉक्टर होते. त्यामुळे माणसांकडेही तसेच बघत. माझ्याशी बोलताना नजर माझ्या पायांवर. तिसऱ्या महिन्यात म्हणाले, "तू उजव्या टाचेवर जोर देतोस. कंबर दुखते?" दुखत होती. माझी बायको एका खासगी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे, तिला इतक्या वर्षांत हे दिसलं नव्हतं. त्या रात्री आमच्याकडे थोडी शाब्दिक चकमक झाली, आणि तिनं फर्मान काढलं की ह्या माणसाला जेवायला आण.

ते जेवायला आले ते टॅक्सीनं. गाडी चालवत नसत. रियाधमध्ये गाडीशिवाय राहणारा साहेब मी तोवर पाहिला नव्हता. डोक्यावर फेल्टची जुनी टोपी, हातात काळी छत्री, आणि रणरणत्या उन्हात चालत निघायचे. थालीपीठ त्यांनी चार खाल्ली, लोणी बोटानं पुसून घेतलं आणि बायकोला विचारलं, "ह्या घराचा मेयर कोण?"

"इथे निवडणुका होत नाहीत," ती म्हणाली.

आमची मुलगी तेव्हा अकरावीत. घरात मराठी बोललं की इंग्रजीत उत्तर देणारी. तिनं सरळ विचारलं, इतकी वर्षं मेयर होतात तर पैसे खाल्लेत का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सरपंचांनी चमचा खाली ठेवला आणि विचार करून सांगितलं, "एकदा. चीज खाल्लं. अख्खं चाक, एवढं. नाताळात एकानं आणून दिलं. फार उत्तम होतं. मग सहा वर्षं त्याच्या गटाराची तक्रार सगळ्यांच्या आधी घ्यावी लागली. तुला सांगतो, एवढं महाग चीज मी पुन्हा खाल्लं नाही."

त्या दिवशी दाराचा उलगडा झाला. तिकडे लग्न लावायचं काम मेयरचं. कमरेला नाहीतर खांद्यावरून तिरंगी पट्टा बांधून उभं राहायचं आणि कायदा वाचून दाखवायचा. आणि लग्न चालू असेपर्यंत कचेरीचं दार उघडं ठेवायचं, हा नियम. का, तर कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्याला आत येता आलं पाहिजे.

"कुणी आलं कधी?" बायकोनं विचारलं.

"चोवीस वर्षांत माणूस कुणी नाही. एक कुत्रा आला. त्याची हरकत मी फेटाळली." मग म्हणाले, "पण दार उघडं असलं की आतले लोक जरा नीट वागतात. मीसुद्धा."

निवडणूक कशी हरलात, हे मी विचारलं. ते पानातलं लोणचं चाखत होते. त्यांच्या गावातून जाणारा रस्ता अरुंद होता, ट्रकांनी जीव नकोसा केलेला. त्यांनी गावाबाहेरून नवा रस्ता आणला. मोठी धडपड करून, प्रांताच्या कौन्सिलात भांडून आणला. ट्रक गेले, आणि ट्रकांबरोबर गिऱ्हाईकही गेलं. दोन वर्षांत गावातली निम्मी दुकानं बंद. आराखडा वरच्या इंजिनिअरांचा होता, त्यांच्यावर ढकलता आलं असतं. पक्षाच्या लोकांनी तसं भाषणही लिहून दिलं होतं. हे सभेत उभे राहिले आणि म्हणाले, रस्ता मी आणला, दुकानांचा विचार मी केला नाही, चूक माझी.

"आणि पडलात," मी म्हणालो.

"एकोणीस मतांनी. मोजणी मीच केली." ते हसले. "पण माझ्या गावात रोज सकाळी ब्रेड आणायला बेकरीत जावं लागतं. रांग असते. सगळे असतात. मेयर नसलो तरी मी त्या रांगेत उभा राहू शकतो. माझ्या आधीचा मेयर सात मैल लांबून ब्रेड आणायचा."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, छान आहे, निवृत्त माणसाला असलं परवडतं.

आता मुद्द्यावर येतो. शहराच्या आग्नेयेला अल सुलै म्हणून भाग आहे, सगळी गोदामं, यार्डं, आणि कामगारांच्या राहण्याचे कॅम्प. तिथला एक सहापदरी रस्ता आमच्याकडे होता. एका बाजूला कॅम्प, दुसऱ्या बाजूला मोठी मशीद, बकाला म्हणजे किराणा दुकान, न्हावी, मोबाइलवाला, खुबूस म्हणजे इथल्या रोटीची भट्टी. मध्ये कमरेएवढा काँक्रीटचा कठडा. आमच्या आराखड्यात त्या कठड्यावर उंच जाळी बसायची होती, सबंध लांबीला, कुठेही फट नाही. गाड्या वेगानं जातात, मध्येच कुणी घुसू नये म्हणून. आणि रस्ता ओलांडायची सोय? नव्हती. कारण ओलांडणारं कुणी नव्हतं. हे कोण म्हणतं? माझा सर्व्हे.

मी स्वतः केला होता. रविवार ते बुधवार, चार दिवस, सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळेला, गाडीत बसून. जगभर अशीच पद्धत आहे: कामाच्या दिवशी मोजायचं. चार दिवसांत रस्ता ओलांडणारी माणसं, सात. त्यातला एक आमचाच ड्रायव्हर, चहा आणायला गेलेला. तरी मी त्याला धरलं. म्हटलं ना, काम पक्कं.

नकाशा सरपंचांसमोर गेला. चष्मा कपाळावर. "इथे कोण राहतं?"

"कामगार राहतात, पण चालत नाहीत," मी म्हणालो. "कंपनीची बस पहाटे दारातून नेते आणि दारात आणून सोडते. मोजलंय मी. सात."

"सात," ते म्हणाले, आणि वहीत लिहून घेतलं. त्यांची एक वही असायची, खिशात मावणारी.

पुढच्या रविवारी हात मिळवून झाल्यावर ते माझ्या टेबलाशी थांबले. "ह्या शुक्रवारी तू माझ्याबरोबर येशील?"

शुक्रवार म्हणजे आमची सुट्टी. मी सकाळी उशिरा उठतो, बायको शिरा करते, मुलगी तोंड वाकडं करून खाते. म्हातारा कुठे कडमडायला नेतोय असं वाटलं, पण नाही म्हणता येईना. दुपारी जुम्म्याच्या नमाजाआधी आम्ही सुलैला पोचलो. ते टॅक्सीवाल्याला नावानं ओळखत होते. ते दर शुक्रवारी इथे येत होते, गेले चार महिने! गावी आठवडी बाजारात मेयरनं चक्कर मारायची असते, म्हणे. इथे त्यांनी हा बाजार शोधला होता.

आणि मी बघितलं. कॅम्पाच्या फाटकातून माणसं येत होती. पाच-दहा नाहीत. लोंढा. धुतलेले, इस्त्रीचे कपडे, अंगाला अत्तर, आणि समोर सहापदरी रस्ता. तीन पदर पळत ओलांडायचे, कठड्याला पोट लावून पाय पलीकडे टाकायचा, वाट बघायची, पुन्हा तीन पदर. गाड्या हॉर्न देत सटासट जात होत्या. वय झालेल्यांना दोघं दोघं धरून कठड्यावरून उतरवत होते. आठवडाभर कुणी फाटकाबाहेर पडत नाही, कारण बस दारात येते. ह्यांना स्वतःच्या पायानं चालायला एकच दिवस मिळतो, आणि त्याच दिवशी मी शिरा खात असतो. आमच्या सबंध ऑफिसात एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सर्व्हेलाही सुट्टी.

तेवढ्यात कठड्यावर एक म्हातारा अडकला. एक पाय अलीकडे, एक पलीकडे, गुडघा वाकेना. खालून दोघं त्याला ढकलतायत, वरून एक ओढतोय, आणि एक पांढरी गाडी इतक्या जवळून गेली की त्याची टोपी उडाली. त्याला उतरवलं. तो लंगडत आमच्या बाजूला आला आणि माझ्याकडे बघून चक्क मराठीत म्हणाला, "साहेब, तुम्ही? ओळखलं नाय? मी दाऊद. ताईंकडं येतो गुडघ्याला."

दाऊदभाई दापोलीकडचे, गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे. माझ्या बायकोकडे सहा महिने व्यायामाला येत होते, एकदा तिला घरून आलेली कोकमं देऊन गेले होते. ती सारखी म्हणायची, ह्यांचा गुडघा सुधारायला लागला की पुन्हा बिघडतो, कळत नाही करतात काय. करतात हे.

"इकडं जाळी लावणार म्हनतात," दाऊदभाई म्हणाले. "खरं काय हो साहेब? मंग आम्ही जुम्म्याला जायाचं कसं? पुढच्या पुलावरनं वळसा मारायचा तर तास जातो. ह्या पायानं नाय व्हायाचं माझ्याच्यानं."

मी बघू म्हणालो. सरपंच त्यांच्या गुडघ्याकडे बघत होते.

परतताना टॅक्सीत मी म्हणालो, "तुम्ही मीटिंगमध्ये सांगा. तुम्ही सल्लागार आहात. तुमचं ऐकतील." गुरुवारी ग्राहकाबरोबर शेवटची बैठक होती, त्यानंतर आराखडा बदलायचा नाही.

"मी सांगितलं तर ती म्हाताऱ्याची तक्रार," ते म्हणाले. "तू सांगितलंस तर ती दुरुस्ती."

"माझी सही आहे त्यावर!"

"म्हणूनच."

मला राग आला. सरळ सांगतो, संताप आला. ह्यांचं काय जातं? दोन महिन्यांनी करार संपला की हे आपल्या बेकरीत. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, दोन महिन्यांनी नूतन व्हायचा होता, आणि तो कंपनीच्या हातात. मुलगी पुढच्या वर्षी बारावीत. मधेच शाळा सोडून नाशिकला न्यायची? आणि अकरा वर्षांची माझी ऐट, ती तर पहिल्या मिनिटात गेली असती. सगळं त्यांना तोंडावर ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि उतरताना फक्त एवढंच म्हणाले, "तू नाही बोललास तरी बैठकीनंतरच्या रविवारी मी तुझ्याशी हात मिळवणार आहे. त्याची काळजी करू नकोस."

घरी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती. तिनं घड्या संपवल्या आणि म्हणाली, "दाऊदभाईंची मंगळवारी अपॉइंटमेंट आहे. त्यांना व्यायाम शिकवू, का जाळीवर चढायला शिकवू, ते तेवढं सांगून ठेव." बस्स. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी मी बॉसला एकट्याला गाठलं. बॉस जॉर्डनचा, माणूस वाईट नाही, पण त्याच्या डोक्यावर तारखा. "खलास," तो म्हणाला. "आराखडा गोठला. पद्धतीप्रमाणे सर्व्हे केलास ना? मग सर्व्हे बरोबर आहे. तू बैठकीत गप्प बस, तुझा इकामा मी बघतो." मी बाहेर आलो. खरं तर मला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकून अजिबात बरं वाटलं नाही.

गुरुवार. लांब टेबल, आम्ही सातआठ जण, ग्राहकाचा प्रतिनिधी म्हणून एक तरुण सौदी इंजिनिअर, पांढऱ्याशुभ्र थोबात म्हणजे पायघोळ झग्यात, कमी बोलणारा. कहवा झाला, खजूर झाले. बॉसनं सुरुवात करायला तोंड उघडलं आणि सरपंच उठले. मला वाटलं, आता हे सांगतात. लाज वाटली तरी कबूल करतो, मनात आलं की सांगून टाका एकदाचं, सुटलो मी. पण ते टेबलाला वळसा घालून दाराशी गेले, दार सताड उघडलं, त्याच्या खालच्या फटीत आपली छत्री अडकवली, आणि परत येऊन जागेवर बसले.

"हे काय?" बॉस म्हणाला.

"आमच्याकडची पद्धत," सरपंच म्हणाले. "लोकांना बांधील करणारा निर्णय होत असला की दार उघडं. चालू द्या."

चालू झालं. गटार झालं, दिवे झाले. उघड्या दारातून पॅन्ट्रीतल्या कपांचे आवाज येत होते. जाळीची स्लाइड पडद्यावर आली आणि खाली बारीक अक्षरात माझा आकडा, सात. सौदी इंजिनिअर म्हणाला, "ठीक. कुणाला काही हरकत?"

मी सरपंचांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. हा माणूस दाराकडे बघत बसला होता! जणू खरंच कुणी आत येणार आहे. आणि मला दिसलं की त्या दारातून दाऊदभाई येणार नाहीत. ते अकराव्या मजल्यावर कधीच येणार नाहीत, त्यांना खालचा गार्ड लिफ्टपर्यंत सोडणार नाही. त्यांच्या वतीनं आत बसलेला मीच काय तो.

"मला आहे," मी म्हणालो. "हा सर्व्हे माझा आहे आणि तो चुकीचा आहे. मी रविवार ते बुधवार मोजलं. हे लोक शुक्रवारी चालतात."

बॉसनं डोळे मिटून घेतले. मी पुढे सांगत गेलो: कठडा, लोंढा, गुडघा, सगळं. सौदी इंजिनिअरनं पेन खाली ठेवलं.

"शुक्रवारी कुणीच मोजलं नाही?"

"नाही. शुक्रवारी आम्ही घरी असतो. माफी मागतो."

"शुक्रवारी मी आईकडे असतो," तो हळू म्हणाला. "आपण सगळेच घरी असतो." मग बॉसकडे वळून, "माफी नको. आकडा हवा. दोन शुक्रवार मोजा. तोवर ही स्लाइड बाजूला ठेवू."

बॉस माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. शुक्रवारचा जादा माणूस द्यायलाही त्यानं साफ नकार दिला. तुझी चूक, तू निस्तर. म्हणून मोजणीला आम्ही चौघं: मी, बायको, मुलगी आणि सरपंच. चार खुर्च्या, चार छत्र्या, हातात बटण दाबून मोजायची यंत्रं.

पहिल्या शुक्रवारी दाऊदभाईंनी अतिउत्साहात कॅम्पभर सांगून ठेवलं की गिनती आहे. झालं. माणसं रस्ता ओलांडायची आणि पलीकडून वळून पुन्हा परत यायची, पुन्हा जायची. एकाची तर तिसरी खेप. आकडा वाढावा म्हणून बिचारे जिवावर उदार होऊन पळतायत! मला काही कळलं नव्हतं, मी आपला बटण दाबतोय. सरपंच ताडकन उठले, निळ्या शर्टाच्या माणसासमोर छत्री आडवी धरली आणि गरजले, "तू दोनदा!" त्याला हिंदी येत होतं, ह्यांना फ्रेंच आणि मोडकं इंग्रजी, पण गुन्हा दोघांनाही पुरता कळला. मग सरपंचांनी दाऊदभाईंना बोलावून तासभर झापलं. मी मध्ये दुभाषी.

"सांग त्याला. चोवीस वर्षं मी मतपेट्या उघडल्यात. एक खोटं मत सापडलं की सगळी खरी मतं जातात. एकोणीस मतांनी मी पडलो, त्या मोजणीत दोन मतं संशयास्पद होती, दोन्ही मला पडलेली. मी स्वतः बाद केली."

हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं.

दाऊदभाईंनी कान पकडले. आम्ही त्या दिवसाची सगळी मोजणी फाडून टाकली आणि पुढच्या दोन शुक्रवारी नव्यानं केली, एक माणूस एकदा. मुलीनं पहिल्यांदाच आपणहून मराठीत विचारलं, "बाबा, तू खरंच सात लिहिलं होतंस?" मी हो म्हणालो. ती खुर्ची माझ्याजवळ सरकवून बसली.

आकडा ग्राहकाकडे गेला. जाळी रद्द झाली नाही, पण मशिदीसमोर तिला खिंडार पडलं, आणि तिथे सिग्नलसह पादचारी मार्ग मंजूर झाला. माझा इकामा दोन वर्षांऐवजी एका वर्षासाठी नूतन झाला. बॉसनं मोठ्या कामावरून काढून मला दुरुस्त्यांच्या कामाला लावलं. ऑफिसातली पोरं मला टरकायची ती कायमची थांबली. बारावी इथेच होणार, एवढं पुरे होतं.

काम पूर्ण व्हायला वेळ लागला. सरपंचांचा करार त्यासाठी, मीच खटपट करून, थोडा वाढवून घेतला होता. त्यांच्या शेवटच्या शुक्रवारी सिग्नल चालू झाला. उद्घाटन वगैरे काही नाही. बायको नारळ घेऊन निघाली होती, तो मी घरी ठेवायला लावला. मग तिनं बेसनाचे लाडू घेतले. मी सरपंचांना म्हटलं, तुम्ही बटण दाबा. ते दोन पावलं मागे सरकले. "आधी मतदार."

दाऊदभाईंनी बटण दाबलं. हिरवा माणूस लागला, गाड्या थांबल्या, आणि ते काठी टेकत, कुठेही न चढता, शांतपणे सहा पदर चालून गेले. पलीकडे पोचून त्यांनी वळून हात वर केला. माझ्या बायकोनं पदर डोळ्याला लावला. पदर कसला, ओढणी.

"डावा पाय आता नीट टाकतो," सरपंच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "जा. ब्रेड घेऊन ये."

भट्टी पलीकडे होती. नमाज सुटल्यावर मी ओलांडून गेलो. जुम्म्यानंतरची रांग, वीस-पंचवीस माणसं, बहुतेक त्याच कॅम्पातली. मी मागे उभा राहिलो. कुजबुज पुढे सरकत गेली, माना वळल्या. माझा नंबर आला तेव्हा भट्टीवाला पठाण हात पिठानं माखलेले तसेच कमरेवर ठेवून म्हणाला, "वो मुहंदिस तुम ही हो? जिसने पहले सात लिखा था?" मुहंदिस म्हणजे इंजिनिअर.

सरपंच सगळ्यांना सांगून बसले होते तर! मागे दार, दारापलीकडे रस्ता. पण मी हललो नाही.

"हाँ," मी म्हणालो. "मैं ही."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि भट्टीकडे वळला. "कितनी रोटी?"

"सात."

आधी तो हसला, मग रांग हसली, मग मी.